एक पायरी खाली

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले की निवृत्त होण्याआधी चोवीस वर्षं मी अमेरिकेतल्या एका फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात ‘कोर्टरूम डेप्युटी’ होते. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचा सगळा रकाना त्यांनाच देऊन टाकला.

आधीच सांगून ठेवते. माझी खुर्ची जजच्या पुढ्यात, एक पायरी खाली असायची. तारखा लावणं, साक्षीदारांना शपथ देणं, पुराव्यांना नंबर घालणं, ज्युरीचा निकाल वाचून दाखवणं, ही माझी कामं. मी वकील नाही, तेव्हा स्वतःच्या खटल्याचा सल्ला कृपा करून माझ्याकडे मागू नका. (तिघांनी मागितलाय. एकाने तर कागदपत्रंही पाठवलीत.) माझ्या जजचं नाव आणि गाव मी सांगणार नाही. चेंबर्समधलं, म्हणजे जजच्या दालनातलं, चेंबर्समध्येच राहायला हवं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. जे उघड्या कोर्टात झालं, तेवढंच सांगेन.

ताई, मुलाकडे अमेरिकेला गेलो की निवडणुकीच्या दिवसांत लोकांच्या अंगणात ‘अमक्यांना जज म्हणून निवडून द्या’ अशा पाट्या दिसतात. मते मागणारा जज निःपक्षपाती कसा राहणार?

तुम्ही पाहिलेत ते राज्यांचे जज. तिथे एकाच गावात दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात. घटस्फोट, घराचे वाद, वाहतुकीचे दंड, बहुतेक खूनखटले हे सगळं राज्याच्या कोर्टात जातं, आणि बऱ्याच राज्यांत तिथले जज निवडणुकीला उभे राहतात. फेडरल कोर्टात केंद्राच्या कायद्याखालचे खटले येतात. त्यात अमली पदार्थांची मोठी प्रकरणं, बँक लुटणं, पेटंट, दिवाळखोरी, नागरी हक्क असं बरंच काही असतं. शिवाय दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या माणसांचा वाद ७५,००० डॉलरच्या वरचा असेल तर तोही. अशी खालची फेडरल कोर्टं, म्हणजे जिल्हा कोर्टं, ९४ आहेत, त्यांच्यावर अपिलाची १३ आणि सगळ्यात वर नऊ जजांचं सुप्रीम कोर्ट.

फेडरल जज कधीच निवडणुकीला उभा राहत नाही. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट (तिथल्या संसदेचं वरचं सभागृह) मंजुरी देतं, आणि त्यानंतर त्याला कुणाच्याच दाराशी जावं लागत नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात दोनच गोष्टींची हमी आहे. वागणूक चांगली असेपर्यंत पद, आणि पदावर असेपर्यंत पगारात कपात नाही. पहिल्या हमीचंच सगळीकडे कौतुक होतं, पण दुसरी तितकीच शहाणपणाची आहे. माणसाला काढता येत नसलं, तरी त्याची उपासमार करता येतेच की!

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेडरल जज होण्यासाठी तिकडे कोणती परीक्षा असते? किमान किती वर्षांचा अनुभव लागतो?

परीक्षा नाही गं. घटनेत वयाची अट नाही, अनुभवाची नाही. कायदा शिकलेला असावा, अशीसुद्धा अट नाही. अर्थात आज कायद्याची पदवी नसलेल्या माणसाला कुणी उभंही करणार नाही. पण नियम म्हणशील तर कोराच.

प्रत्यक्षात घडतं ते असं. एखादी जागा रिकामी होते. राज्याचे दोन सिनेटर आपापली माणसं सुचवतात, व्हाईट हाउस त्यांतून किंवा स्वतःच्या यादीतून नाव काढतं. मग एक लांबलचक प्रश्नपत्रिका भरायची असते. आजवर लिहिलेला प्रत्येक लेख, केलेलं प्रत्येक भाषण, चालवलेले महत्त्वाचे खटले. एफबीआयचे लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करून जातात. सिनेटची न्यायसमिती राज्याच्या दोन्ही सिनेटरांकडे निळ्या रंगाची चिठ्ठी पाठवते. खालच्या कोर्टाच्या जजच्या बाबतीत ती चिठ्ठी होकार देऊन परत आली नाही, तर बहुधा गाडी तिथेच अडते. कायद्यात कुठे न लिहिलेला हा रिवाज शंभर वर्षं चालत आलाय. त्यानंतर समितीपुढे सुनावणी, आणि मग सबंध सिनेटचं मतदान.

माझे जज सांगायचे, सुनावणीत त्यांना जेमतेम चार प्रश्न विचारले गेले. पण तिथवर पोचायला अकरा महिने लागले, आणि तेवढा काळ त्यांचा त्रिशंकू झाला होता. नवं काम घेता येईना, जुनं सोडता येईना, आणि ‘कधी होताय जज?’ असं न्हाव्यापासून सगळे विचारायचे. हुशारी लागतेच. पण तुझ्याइतकेच हुशार पन्नास जण त्या शहरात असतात. तुझ्या ओळखीचा सिनेटर, तुझ्या पसंतीचा राष्ट्राध्यक्ष आणि मोकळी जागा हे तिन्ही एकाच वेळी जुळून यावं लागतं. बोलाफुलाला गाठ.

तुझ्या हातात असलेली एक गोष्ट मात्र आहे. तिकडे शिकायला गेलीस तर जजकडे वर्षभर ‘लॉ क्लार्क’ म्हणून काम मिळतं का पाहा. आपल्याकडचा कारकून नव्हे हा. वर्गात पहिल्या रांगेत बसणारी ही मुलं. ती कायदा शोधतात, निकालपत्राचे कच्चे मसुदे लिहितात, आणि जजशी वाद घालायचे त्यांना पैसे मिळतात. आमच्याकडे एका वेळी दोघंतिघं असत. दर ऑगस्टला जुनी जायची, नवी यायची. पहिला आठवडा जज त्यांना घेऊन फक्त वाक्यं तोडत बसायचे. मसुद्यातलं ‘स्पष्टपणे’ दिसलं की खोडायचे. म्हणायचे, स्पष्ट असतं तर हे दोघं माझ्याकडे आले असते का?

फेडरल जजांपैकी तुम्हाला सगळ्यात जास्त आदर वाटतो अशा एखाद्या व्यक्तीबद्दल लिहाल का? फार प्रसिद्ध नसली तरी चालेल.

कॉन्स्टन्स बेकर मॉटली. १९६६ मध्ये त्या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल जज झाल्या. पण त्यांचं मोठेपण ‘पहिल्या’ या शब्दात मावत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाकीच्यांनी माफ करा.

त्यांचा जन्म १९२१ चा, कनेटिकटमधल्या न्यू हेवनचा. आईवडील कॅरिबियन बेटांतल्या नेव्हिसहून आलेले. बारा भावंडांत त्या नवव्या. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या क्लबांत स्वयंपाकी होते. मुलगी हुशार होती, पण शाळा संपल्यावर कॉलेजला पैसे कुठून आणणार? एकदा तिने वस्तीतल्या समाजकेंद्रात भाषण केलं. हे केंद्र आमच्यासाठी म्हणून बांधलंय, पण चालवणाऱ्यांत आमचं कुणीच नाही, मग आमची माणसं येतील कशाला, असा त्याचा रोख. श्रोत्यांत क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाचे श्रीमंत गोरे गृहस्थ होते. त्या केंद्राला पैसा त्यांनीच दिलेला! रागावण्याऐवजी त्यांनी तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला. त्या पैशावर ती आधी फिस्क, मग न्यू यॉर्क विद्यापीठ आणि १९४६ मध्ये कोलंबियातून कायद्याची पदवी, इथवर पोचली.

शिकत असतानाच त्या नागरी हक्कांचे मोठे वकील थर्गुड मार्शल यांच्या हाताखाली काम करू लागल्या होत्या. शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या ‘ब्राउन’ खटल्याची मूळ फिर्याद लिहिण्यात त्यांचा हात होता. जेम्स मेरेडिथ या तरुणाला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून त्या पुन्हा पुन्हा त्या राज्यात गेल्या, आणि १९६२ मध्ये तो मिळवून दिला. दक्षिणेत तेव्हा त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे. ओळखीच्यांच्या घरी राहायचं, आणि सकाळी कोर्टात अशा जजसमोर उभं राहायचं जो त्यांच्याकडे पाहायलाही राजी नाही. सुप्रीम कोर्टात त्यांनी दहा खटले लढवले. नऊ जिंकल्या.

जानेवारी १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांचं नाव न्यू यॉर्कच्या दक्षिण जिल्हा कोर्टासाठी पाठवलं. सिनेटच्या न्यायसमितीचे अध्यक्ष कोण? मिसिसिपीचेच जेम्स ईस्टलंड. त्यांनी सात महिने नाव अडकवून ठेवलं, कम्युनिस्ट असल्याचा ठपकाही ठेवून पाहिला. ऑगस्टअखेरीस मंजुरी मिळाली.

आता माझ्या आवडीचा भाग. १९७५ मध्ये एका बड्या लॉ फर्मविरुद्ध खटला त्यांच्यापुढे आला. तक्रार अशी की ही फर्म वकील बायकांना डावलते. फर्मने अर्ज केला, की या जज स्वतः बाई आहेत, कृष्णवर्णीय आहेत, आयुष्यभर भेदभावाविरुद्ध लढल्यात, तेव्हा त्यांनी खटला सोडावा. मॉटलींनी नकार दिला. त्यांचं उत्तर थोडक्यात असं होतं: वंश आणि लिंग असणं हीच जर पक्षपाताची खूण असेल, तर या कोर्टातला एकही जज हा खटला ऐकू शकणार नाही, कारण प्रत्येकाला वंश आहे आणि प्रत्येकाला लिंग आहे.

आमच्या चेंबर्समध्ये एक लॉ क्लार्क होती, तिने हे उत्तर टाइप करून फोटोकॉपी मशीनवर चिकटवलं होतं. कागद निघायला वेळ लागायचा, तेवढ्यात मी ते वाचायची. असं चारदोनशे वेळा वाचलं असेल.

१९७८ मध्ये त्यांनी आणखी एक निकाल दिला. मेलिसा लडकी नावाच्या क्रीडापत्रकार बाईंना न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये बेसबॉल खेळाडूंच्या लॉकर-रूममध्ये जाऊ देत नव्हते. पुरुष पत्रकार आत जाऊन मुलाखती घेत, आणि या बाहेर उभ्या. स्टेडियम शहराच्या मालकीचं होतं, म्हणजे तिथे घटनेतलं समान संरक्षण लागू होतं. मॉटलींनी दार उघडायला लावलं. खेळाडूंच्या खासगीपणाचं काय, या प्रश्नावर त्यांचा उपाय सोपा होता: पडदे लावा, टॉवेल गुंडाळा. माझ्या मते जज असाच असावा. टॉवेलचा वाद त्याने टॉवेलपुरताच मिटवावा.

१९८२ ते ८६ त्या त्या कोर्टाच्या मुख्य जज होत्या आणि २००५ मध्ये गेल्या तोवर त्यांचं काम सुरू होतं. सुप्रीम कोर्टाच्या आजच्या न्यायमूर्ती केतनजी ब्राउन जॅक्सन यांचा जन्म मॉटलींच्याच वाढदिवशी झाला, १४ सप्टेंबरला, बरोबर ४९ वर्षांनी. २०२२ मध्ये त्यांचं नाव जाहीर झालं तेव्हा त्यांनी हे मुद्दाम सांगितलं होतं.

आपल्याकडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी, सुप्रीम कोर्टाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. तिकडे म्हणे मरेपर्यंत खुर्ची! हे खरे का, आणि हे योग्य वाटते का?

खरं आहे. पण मध्ये एक गोड पळवाट ठेवलीय. वय ६५ आणि सेवा १५ वर्षं झाली की जजला ‘सीनियर’ होता येतं. वय जसं वाढेल तशी सेवेची अट कमी होते, दोन्हींची बेरीज ८० भरली म्हणजे झालं. सत्तरीला दहा वर्षं पुरतात. सीनियर जजचा पगार सुरू राहतो, काम त्याला झेपेल तेवढं, आणि त्याची जागा रिकामी धरून तिथे नवा माणूस नेमला जातो. पगार घरी बसूनही मिळाला असता, पण बरेच जण तरीही येतातच. माझे जज सीनियर झाले त्या दिवशी आम्ही केक कापला. दुसऱ्या दिवशी साडेआठला ते हजर! काय फरक पडला, असं विचारलं तर म्हणाले, आता कंटाळवाण्या पेटंट-खटल्याला नाही म्हणता येतं.

कॅन्ससमधल्या विचिटाचे वेस्ली ब्राउन १९०७ मध्ये जन्मले, १९६२ मध्ये केनेडींनी त्यांना नेमलं, आणि जानेवारी २०१२ मध्ये १०४ व्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांच्याकडे खटले होते. शेवटी शेवटी नाकाला प्राणवायूची नळी लावून कोर्टात बसत. लांबलेल्या खटल्यांच्या वकिलांना ते सांगत, मी या वयात कच्ची केळीसुद्धा विकत घेत नाही, तेव्हा आटपा लवकर.

योग्य की अयोग्य विचारता, तर मला अर्धं योग्य वाटतं. कुणाच्या मर्जीची पर्वा न करणारी माणसं यातूनच तयार होतात. पण थकलेल्या जजला ‘आता पुरे’ म्हणणार कोण? नियम म्हणून कुणीच नाही. त्याचे सहकारी एखाद्या दुपारी दार लोटून आत येतात, थोडं हवापाण्याचं बोलतात आणि मग विषय काढतात. मी एका दुसऱ्या चेंबर्सबाहेर असं दार लोटलेलं पाहिलंय. तासाभराने उघडलं तेव्हा आतल्या आजोबांनी पुढच्या महिन्याच्या सगळ्या तारखा रद्द करायला सांगितल्या.

सक्तीने काढायचं तर एकच वाट, महाभियोग. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळात पंधरा फेडरल जजांवर तो लावला गेला आणि आठ जणांना सिनेटने काढलं. महाभियोगाने केंद्रातल्या पदावरून गेलेले अमेरिकेच्या इतिहासात एवढेच. सगळे जज, राष्ट्राध्यक्ष एकही नाही. पहिले १८०४ मध्ये न्यू हॅम्पशायरचे जॉन पिकरिंग. दारू आणि बिघडलेलं मनस्वास्थ्य. फ्लॉरिडाचे अल्सी हेस्टिंग्ज १९८९ मध्ये काढले गेले, आणि १९९२ मध्ये लोकांनी त्यांना निवडून थेट तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात पाठवलं. ज्या सभागृहाने महाभियोग लावला, त्याच सभागृहात जाऊन बसले!

पगार किती असतो?

२०२४ मध्ये जिल्हा कोर्टाच्या जजला वर्षाला २,४३,३०० डॉलर. पुष्कळ आहे, नाही असं नाही. पण त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या बड्या लॉ फर्ममध्ये नुकत्याच लागलेल्या पोराला २,२५,००० मिळत होते, वर बोनस. म्हणजे आमच्या चेंबर्समधून बाहेर पडलेलं सत्तावीस वर्षांचं पोरगं वर्षभरात जजच्या बरोबरीला यायचं. जज त्यावर हसायचे, वकील असलेल्या त्यांच्या बायकोला मात्र हसू येत नसे.

शिवाय दर वर्षी आपल्या मालमत्तेचा तपशील जाहीर करायचा. एखाद्या कंपनीचा एक शेअर जरी नावावर असला, तरी त्या कंपनीचा खटला ऐकता येत नाही. माझ्या जजना सासऱ्यांनी लग्नात दिलेले थोडे शेअर होते. नेमणुकीच्या आठवड्यात विकून टाकले. पुढे ती कंपनी कुठल्या कुठे गेली, हे मला त्यांच्या बायकोकडूनच कळलं. दोनदा.

आपल्यापैकी कुणी तिथे पोचले आहे का?

हो. केंटकीमधले अमूल थापर यांना २००७ मध्ये सिनेटने मंजुरी दिली, ते दक्षिण आशियाई वंशाचे पहिले. चंडीगडमध्ये जन्मलेले आणि कॅन्ससमध्ये वाढलेले श्री श्रीनिवासन २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टावर ९७ विरुद्ध शून्य मतांनी गेले. भगवद्गीतेवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली, आणि २०२० मध्ये त्या कोर्टाचे मुख्य जज झाले. बॉस्टनच्या इंदिरा तलवानी आहेत. गुजरातमधल्या पाटणला जन्मलेले अमित मेहता आधी गरीब आरोपींची बाजू सरकारी खर्चाने मांडणारे वकील होते. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली, हा निकाल त्यांचाच.

गीता काय नि बायबल काय, कायद्याला दोन्हींची गरज नाही. शपथेचे शब्द मात्र सगळ्यांना तेच आहेत, १७८९ पासून जवळजवळ तसेच: माणूस कोण आहे हे न पाहता न्याय देईन, गरिबाला आणि श्रीमंताला सारखाच.

काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही, मग जजला भीती कुणाची?

लोकांची. १९५५ मध्ये आयझेनहॉवर यांनी अलाबामात फ्रँक जॉन्सन या ३७ वर्षांच्या माणसाला नेमलं. पुढच्याच वर्षी तिघांच्या पीठात त्यांनी माँटगोमेरीच्या बसमधली गोऱ्या-काळ्यांची वेगळी आसनं घटनाबाह्य ठरवली. वर्णद्वेष्ट्यांनी धमकी म्हणून त्यांच्या अंगणात जळता क्रूस रोवला. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बाँब टाकला. ती बचावली.

जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीत जज एस्तर सालास यांच्या दारात कुरियरवाल्याच्या वेषात एक वकील आला. त्याचा एक खटला त्यांच्यापुढे चाललेला होता. दार त्यांच्या विशीतल्या एकुलत्या मुलाने उघडलं. डॅनियल त्याचं नाव. गोळ्या लागून तो गेला. त्याच्याच नावाने २०२२ मध्ये कायदा झाला, जजांचे घरचे पत्ते इंटरनेटवरून काढून टाकण्याचा. तो हल्ला झाला तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. ती बातमी वाचली आणि पहिल्यांदा माझ्या जजच्या घरी फोन केला. चोवीस वर्षांत कधी केला नव्हता. दार कोण उघडतं, एवढंच मला विचारायचं होतं. ते विचारता आलं नाही. आम्ही त्यांच्या टोमॅटोंबद्दल बोललो.

शिक्षा सुनावताना जजला वाईट वाटते का? की सवय होऊन जाते?

हा प्रश्न एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा आहे. शेवटी ठेवला, कारण उत्तर सुचायला वेळ लागला.

एक गैरसमज आधी दूर करते. फेडरल कोर्टात शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी गुन्हा कबूल करतात. ज्युरी, उलटतपासणी, टेबलावर मूठ आपटणारा वकील, हे क्वचित. त्यामुळे फौजदारी कामात जजच्या वाट्याला मुख्यतः येते ती शिक्षा. गुन्हेगार आहे की नाही हे ठरलेलंच असतं, किती वर्षं हे ठरायचं असतं, आणि ते त्याने एकट्याने ठरवायचं.

१९८७ पासून त्यासाठी एक तक्ता आहे. उभ्या ४३ पायऱ्या, गुन्हा किती गंभीर त्याच्या. आडवे सहा रकाने, आरोपीचा पूर्वेतिहास किती वाईट त्याचे. बोट खाली न्यायचं, बोट आडवं न्यायचं, चौकोनात महिने लिहिलेले. असे २५८ चौकोन. एका जजने दोन वर्षं द्यायची आणि शेजारच्याने वीस, हे थांबावं म्हणून तो केला. हेतू चांगला होता. २००५ पर्यंत तो पाळणं जवळजवळ सक्तीचं होतं, मग सुप्रीम कोर्टाने तो सल्ल्यापुरता ठेवला. कायद्याचं मूळ वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण जज ते प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणत: शिक्षा पुरेशी असावी, पण गरजेपेक्षा जास्त नसावी.

पण काही गुन्ह्यांत संसदेनेच किमान शिक्षा ठरवलेली असते, तिथे जजचा हात बांधलेला. १९८६ च्या कायद्यात पाच ग्रॅम क्रॅकला, म्हणजे कोकेनच्या ओढायच्या खड्यांना, किमान पाच वर्षं होती. तेवढीच शिक्षा कोकेनच्या पावडरीला व्हायची तर ५०० ग्रॅम लागत. पाच ग्रॅम म्हणजे चहात घालतो तो साखरेचा एक चमचा. हे एकास शंभरचं प्रमाण २०१० मध्ये एकास अठरावर आणलं, तोवर चोवीस वर्षं गेली होती.

मी लागले त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एकोणीस वर्षांचा मुलगा होता, चमचाभरापेक्षा थोडं जास्त सापडलेलं. आमच्या कोर्टात जजच्या येण्याचं दार माझ्या उजव्या हाताला होतं. दाराची मूठ खाली झाली की मी उभी राहून ‘ऑल राइज’ म्हणायची. शिक्षेच्या दिवशी मूठ खाली व्हायची आणि तशीच थांबायची. पाच सेकंद, कधी दहा. आत ते मूठ धरून उभे असायचे. मग दार उघडायचं. हे फक्त मला दिसत असे.

त्या दिवशी ती बराच वेळ तशी राहिली. मुलगा दोन वाक्यं बोलला, आईची माफी मागितली. जज म्हणाले, आणि हे उघड्या कोर्टात म्हणाले म्हणून सांगते, की माझ्या हातात असतं तर मी एवढी शिक्षा दिली नसती, पण तुला शिक्षा देताना कायदा मोडण्याचा अधिकार मला नाही. साठ महिने. मार्शल, म्हणजे कोर्टाचे पोलीस, त्याला बाजूच्या दाराने घेऊन गेले. कोर्ट रिकामं झाल्यावर त्याची आई माझ्या टेबलाशी आली. हातात मुलाचा कोट. बोलायला उठताना त्याने तो काढून बाकावर ठेवला होता. विचारत होती, हा कुठे द्यायचा? तुरुंगात बाहेरचे कपडे घेत नाहीत, हे तिला सांगायचं काम माझं नव्हतं. पण तिथे दुसरं कुणीच नव्हतं.

२०१८ च्या शेवटी नवा कायदा झाला आणि जुन्या कैद्यांना ते एकास अठराचं प्रमाण लावून शिक्षा कमी करून मागता येऊ लागली. तोवर जज सीनियर झाले होते, नवं काम घ्यायची गरज नव्हती. तरी त्यांनी आपण दिलेल्या जुन्या शिक्षांच्या फायली गोदामातून मागवल्या. मी त्या ढकलगाडीवरून तीन खेपांत आणल्या. आठवडाभर ते दार बंद करून वाचत होते. काही जणांची शिक्षा कमी झाली, काहींची नाही. त्या मुलाची फाइलही त्यात होती. तिचा उपयोग नव्हता, त्याची पाच वर्षं केव्हाच भरली होती. ती फाइल मी परत न्यायला गेले तेव्हा टेबलावर उघडी होती.

तर बाई, सवय होते का? मूठ शेवटपर्यंत थांबत होती. मी तेवढंच पाहिलंय.

आम्ही पुढच्या वर्षी अमेरिकेला जाणार आहोत. हे कोर्ट आतून पाहता येते का?

अवश्य पाहा, आणि तिकीट लागत नाही. सुनावण्या सगळ्यांसाठी उघड्या असतात. दिवसाची यादी बाहेर लावलेली असते. पासपोर्ट जवळ ठेवा, फोन बाहेर जमा करावा लागेल असं धरून चला, कारण फोटो काढू देत नाहीत. फेडरल फौजदारी खटल्यात कॅमेऱ्याला बंदीच आहे. सकाळी लवकर जा. मागच्या बाकावर बसा, ‘ऑल राइज’ ऐकू आलं की उभे राहा. मध्येच उठून गेलात तरी कुणी काही म्हणणार नाही. फक्त बाहेर पडताना दार हाताने धरून लावा. जड असतं ते, आणि सोडून दिलं तर फार मोठ्याने वाजतं.